बाबांसमोर लाली बसली त्याबद्दल

रविवार, दुपारी जेवणानंतर

तीर्थरूप सौ. रुक्मिणीवन्सं यांना,

धाकट्या भावजयीचा, म्हणजे अनुजाचा, पदर सावरून नमस्कार (पदर नाही, अंगावर वनखात्याची खाकी आहे, पण नमस्कार तोच). तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? भावोजींची साखर कुठवर आली? वसईला पाणी एक दिवसाआड की दोन दिवसांआड? इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तुमचे बंधुराज काजूच्या बागेत कुंपण घालतात असं सांगून सकाळी बाहेर पडतात ते तोंड चुकवायलाच, आणि बाबा आठ दिवस ओटीवर बसलेले नाहीत. आता खुशाली किती ती तुम्हीच ठरवा.

तुम्हाला वाटेल, एवढा फोन असताना पत्र कशाला? फोन केला की बाबा आतल्या खोलीतून ऐकतात. त्यांचे कान अजून मुख्याध्यापकाचेच आहेत, शेवटच्या बाकावरची कुजबूजसुद्धा सुटत नाही. शिवाय फोनवर तुम्ही आधी रडाल, मग मी रडेन, आणि सांगायचं राहून जाईल. व्हिडिओ तुमच्यापर्यंत पोचला असणारच. बावीस सेकंदांचा आहे. बाबा भाषण करतात, एक कुत्री येऊन त्यांच्यामागे बसते, मी चेंडू फेकते, माणसं ओरडतात, संपला. खाली कुणा शहाण्याने लिहिलंय, ‘सुनेने सासऱ्यावर कुत्रा सोडला.’ वन्सं, देवाशपथ, मी कुत्रा सोडला नाही. एक तर ती कुत्री आहे, आणि दोरी पूर्ण वेळ माझ्या मनगटाला होती. जे झालं ते पहिल्यापासून सांगते, कारण मधून सांगितलं तर माझाही त्यावर विश्वास बसत नाही.

लाली आमच्या खात्याची वास काढणारी कुत्री. अडीच वर्षांची, तांबूस रंगाची, कान कायम उभे. ती सावंतवाडीला ऑफिसच्या मागे राहते, घरी कधी आणलेली नव्हती (बाबांना कुत्रा उंबऱ्याच्या आत चालत नाही हे तुम्हाला मी काय सांगावं). बिबट्याचं कातडं आणि नखं ती आधीपासून ओळखत होती. या वर्षी वरून हुकूम आला की तिला खवले मांजराच्या खवल्यांचा वास शिकवायचा. ते बिचारं रात्रीचं निघून मुंग्या आणि वाळवी खातं, कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण त्याच्या खवल्यांसाठी लोक त्याला मारतात. शिकवायची रीत दिसायला सोपी आहे. भोकं पाडलेले सहा पत्र्याचे डबे ओळीने ठेवायचे, एकात खवला. लाली हुंगत जाते. बरोबर डब्याशी आली की लगेच तिला चेंडू द्यायचा. हळूहळू तिला कळतं, हा वास आला की बसायचं, मग चेंडू मिळतो. भुंकायचं नाही, ओरबाडायचं नाही, नुसतं बसायचं आणि माझ्याकडे बघायचं. तिला पगार नाही, पेन्शन नाही. चेंडू हेच सगळं.

तीन आठवड्यांत लाली एकदाही चुकली नाही. मी इतकी फुगले की साहेबांना लेखी कळवलं. साहेब म्हणाले, मग बाजारात चाचणी घेऊ. बांद्याच्या बाजारात साहेबांनी स्वतःच्या हाताने एका पिशवीत नवा नमुना लपवला आणि लालीला नेली. वन्सं, त्या सव्वा तासात ती चौदा जणांसमोर बसली. पहिला एक नारळवाला. त्याने घाबरून चाळीस नारळ एकेक करून सोलायला घेतले, आत काही नाही हे दाखवायला. मग एसटीचे एक कंट्रोलर. मग एक भटजी, ते कुणाच्या तरी सत्यनारायणाला निघालेले, त्यांनी पूजेची पिशवी रस्त्यावर उलटी केली आणि मुहूर्त टळला म्हणून मलाच शाप दिला. लपवलेल्या पिशवीवरून ती शेपटी हलवत पुढे गेली, बघितलंसुद्धा नाही. शेवटी आमचा वनमजूर बाबली चपलेचा अंगठा नीट करायला खाली वाकला, तर त्याच्यासमोर ती अशी बसली, जशी देवळात माणसं बसतात. बाबलीने दोन्ही हात जोडले. ‘बाय माझे, मी काय केलंय गो?’ मी तिथेच मटकन फळीवर बसले. कुणाची फळी होती तेही पाहिलं नाही (सुंगटांची होती, खाकीला अजून कोळंबीचा वास येतो).

साहेब एवढंच म्हणाले की पुढची चाचणी हुकली तर लालीला परत पाठवावं लागेल, मग ती कुठे जाईल ते त्यांच्या हातात नाही. म्हणून मी प्लासिद सरांना गाठलं. हे पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले, सावंतवाडीतच राहतात, वय सत्तरच्या पुढे. आल्या आल्या त्यांनी डबे मागितले आणि स्वतः गुडघ्यावर बसून एकेक डबा हुंगला. साहेबांच्या देखत. चौथ्या डब्याशी थांबून म्हणाले, ‘हो डबो तंबाखवाचो.’ नमुना रोज कोण ठेवतो? बाबली. बाबलीच्या बोटांना काय? तंबाखू-चुना. तीन आठवडे मी त्या जनावराला मोठ्या मेहनतीने तंबाखू शिकवत होते! ‘लाली बरोबर शिकली गो,’ सर म्हणाले. ‘तू काय शिकयलंस तां तुकाच म्हायत नाय.’

मग सगळं पहिल्यापासून. नवे डबे उकळून घेतले. खवला चिमट्यानेच उचलायचा, हातमोजे दर वेळी नवे, ठेवणारा माणूस रोज वेगळा. इतर डब्यांत फसवे वास: बकऱ्याचं शिंग, कोंबडीचे पाय, सुका बांगडा (तो तिने एकदा डब्यासकट पळवला), आणि माणसांची नखं, कारण खवला आणि नख एकाच जातीचं. त्यासाठी मी अख्ख्या ऑफिसकडे नखं मागितली. साहेबांनी आपली पाकिटात घालून, वर नाव लिहून दिली. बाबलीला महिनाभर कुत्र्यांच्या आवारात बंदी, त्याचं त्याला फार वाईट वाटलं. आणि सरांनी मला एक गोष्ट बजावली ती सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच घडलं. ते म्हणाले, ‘ती बसली आणि बरोबर आसा, तर चेंडू तीन सेकंदांत पडाकच होयो. एकदा ती खरां सांगता आणि तू नाय म्हणतंस, तर मगे ती परत खरां सांगूची नाय.’

दोन महिन्यांनी सर म्हणाले, आता ने. साहेबांनी जनजागृतीचा कार्यक्रम आणि लालीची शेवटची चाचणी एकत्रच ठेवली, आणि जागा निवडली आपल्या गावची शाळा. अध्यक्ष कोण, तर बाबा. त्यांच्याशिवाय आपल्या गावात अध्यक्ष कोण असतो? बाबांनी आठ दिवस भाषण लिहिलं. पांढरा सदरा, वर जाकीट. कर्णे लावायचं काम तुमच्या बंधुराजांकडे, एक फणसावर, एक थेट तीन रस्त्यांच्या तिठ्याकडे तोंड करून. तीनशे माणूस जमलं. मी आधी माईकवरून सगळ्यांना समजावलं: कुत्री बसली म्हणजे तिला वास आला, आणि मी चेंडू दिला म्हणजे तिचं उत्तर बरोबर. (हे मी का सांगितलं, वन्सं? कोण विचारत होतं?) मैदानात सहा पिशव्या. लाली चौथीशी बसली. चेंडू. टाळ्या. मी कोपऱ्यातल्या प्लासिद सरांकडे पाहिलं, त्यांनी छातीवर क्रूस काढला. मला वाटलं, वाचली माझी पोर.

मग बाबा बोलायला उभे राहिले. खवले मांजर हा शेतकऱ्याचा मूक मित्र, त्याच्या खवल्यांत कसलाही औषधी गुण नाही, ही अंधश्रद्धा आपण समूळ उपटून टाकली पाहिजे. छान बोलत होते. तेवढ्यात साहेबांनी खूण केली की लालीला वर आण, फोटो काढू. मी तिला पायऱ्यांवरून वर नेलं. साहेबांना ओलांडलं, सरपंचबाईंना ओलांडलं, आणि दोरी ताणली गेली. तिचं नाक वर झालं. बाबांच्या पाठीशी गेली, कमरेशी नाक नेलं, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, आणि बसली. आणि माझ्याकडे पाहिलं.

लोक हसले. त्यांना वाटलं, भाषण ऐकायला बसली. मला पहिल्यांदा वाटलं, तंबाखू. पण बाबांनी जन्मात सुपारीचं खांड तोंडात घातलेलं नाही! आणि तिचं ते बघणं मला माहीत आहे, वन्सं. चुकून बसते तेव्हा तिचे डोळे आधी चेंडू शोधतात. खरी बसते तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघते. पहिला सेकंद मी ‘हे बाबा आहेत’ यात घालवला. दुसऱ्यात वाटलं, दोरी ओढावी, हसावं, फोटो काढावा, कुणाला काही कळणार नाही. आणि तिसऱ्यात दिसलं की बाबा बोलायचे थांबलेत आणि मान वळवून तिच्याकडे बघतायत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नाही. आपण सगळे थक्क झालो असतो. ते झाले नव्हते.

मी चेंडू टाकला.

तो सत्काराच्या तबकावर आपटून नारळासकट खाली गेला, लाली त्याच्यामागे मंचाखाली, आणि मनगटाच्या दोरीने मी मंचाच्या कडेला ओणवी. आणि तीनशे माणसं एकदम ओरडली. सगळ्यांना थोड्याच वेळापूर्वी मी माईकवरून अर्थ सांगितला होता ना. साहेब उठून उभे राहिले, त्यांना काय करावं सुचेना. तेव्हा बाबा त्यांच्याकडे वाकले आणि अगदी हळू आवाजात, ज्या माणसाने घरीसुद्धा ‘मला’ सोडून ‘माका’ म्हटल्याचं मी लग्नापासून ऐकलं नाही, तो माणूस म्हणाला, ‘साहेब, माका मूळव्याध आसा.’

माईक चालू होता, वन्सं. तो बंद करायचं काम ज्यांच्याकडे होतं ते तुमचे बंधुराज तोंड उघडं टाकून बाबांकडे बघत होते. फणसावरून ऐकू आलं, तिठ्यावर ऐकू आलं. तिठ्यावरच्या रिक्षावाल्याने रिक्षा बंद केली असं लोक सांगतात.

शाळेच्या ऑफिसात नेलं. बाबांच्या करगोट्याला, सदऱ्याच्या आत, खवल्याची एक अंगठी बांधलेली. मूळव्याधीवर लोक ती बोटात घालतात, पण बोटात दिसली तर सगळ्यांना कळेल काय होतंय, म्हणून कमरेला. एकतीस वर्षं. तुम्हाला माहीत होतं का? तुमच्या भावाला नव्हतं. आईंना अखेरपर्यंत होतं, कारण आईंनीच ती बाजारातल्या एका वैदूकडून आणली आणि स्वतः बांधली. आमच्या वनपालांनी कात्री पुढे केली. बाबा म्हणाले, कापायची नाही, गाठ तिने मारलेली आहे. मग नकाशांच्या कपाटामागे उभे राहून बाप-लेक पंधरा मिनिटं ती गाठ सोडवत होते. मी दाराकडे तोंड करून उभी. सुटली तेव्हा बाबांनी अंगठी टेबलावर ठेवली आणि दोरा खिशात घातला. साहेब म्हणाले, गुरुजी, कशाची आहे हे आपल्याला ठाऊक नसेल. साहेबांनी त्यांच्यासाठी सुटायला वाट ठेवली होती. बाबा म्हणाले, ‘ठाऊक होतं. लिहा.’

आणि मग पंचनामा. वनपाल लिहितायत, बाबा चष्मा लावून वाचतायत. ‘मुळव्याध नव्हे, मूळव्याध. मू दीर्घ.’ खोडलं. ‘हस्तगत, त पूर्ण.’ खोडलं. ‘आरोपीने’ या शब्दाशी वनपालांचा हात थांबला, ते बाबांचेच विद्यार्थी, सातवीपर्यंत. बाबा म्हणाले, ‘लिही. शब्द बरोबर आहे.’ तेव्हा मात्र मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरलं.

परत येताना गाडीत त्यांनी एकच प्रश्न विचारला. ‘चेंडू कित्याक टाकलंस?’ मी तीन सेकंदांचा नियम सांगितला, सरांचं वाक्य सांगितलं. आपल्या वळणापर्यंत ते बाहेर बघत होते. मग म्हणाले, ‘बरोबर उत्तराक गुण देवकच होये.’ त्यानंतर आठ दिवस धड बोललेले नाहीत. माझ्यावर राग नाही, तेवढं मला कळतं. पण ओटीवर येत नाहीत, पेपर मोठ्याने वाचत नाहीत, पेज आणि लोणचं यापलीकडे जेवत नाहीत. खटला दाखल झालाय, जामीन झालाय, तारीख पडेल तेव्हा जायचं. साहेबांनी अहवालात त्यांनी स्वतःहून सगळं सांगितल्याचं लिहिलंय, त्याचं वजन कोर्टात किती ते वकील सांगतील.

गावाचं काय म्हणाल, तर गाव गप्प आहे, आणि का गप्प आहे ते मला मंगळवारी कळलं. आमच्या चौकीच्या तक्रारपेटीत, जी मी नोकरीला लागल्यापासून रिकामी आहे, कागदात गुंडाळलेल्या अंगठ्या सापडल्या. मंगळवारी दोन, बुधवारी चार, काल तीन. मी प्रत्येकीची नोंद करते. नावं कुणाचीच नाहीत (एक लग्नपत्रिकेत गुंडाळलेली होती आणि पत्रिकेवर वधूपित्याचं नाव होतं. ते मी कुणाला सांगणार नाही, तुम्हालाही नाही, तुम्ही त्या लग्नाला होतात). आणि संध्याकाळी मागच्या दाराने म्हातारे येतात, बाबांच्या खिडकीशी उभं राहून हळूच विचारतात, गुरुजी, तुम्ही आता काय घेताय? बाबा खिडकी लावून घेतात.

तर वन्सं, घाबरू नका, पण या. सर्वांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
अनुजा

ता. क. : घाबरू नका असं वर लिहिलं ते खोटं आहे. डॉक्टरांनी बाबांना तपासलं. अंगठीने काही थांबलेलं नाही, इतकी वर्षं रक्त जातंय आणि ते सोसत आलेत. ऑपरेशन लवकर करायला हवं. ते मला नाही म्हणतात, मुलाला तर उत्तरच देत नाहीत. तुमचं ऐकतात. हे लिहायचं होतं म्हणून पत्र, बाकी सगळं हेच लिहायचं टाळत लिहीत गेले.

ता. क. दुसरा, संध्याकाळी पाच : पत्र बंद केलं होतं, ते पुन्हा उघडलं. मघाशी बाबा खोलीबाहेर आले आणि म्हणाले, त्या कुत्रीला एकदा आण, मला तिला भेटायचं आहे. माझा कानांवर विश्वास बसेना. आणली. बाबांनी स्वतः तिला उंबऱ्याच्या आत घेतलं, बिस्किट दिलं, ‘हुशार आसस’ म्हणाले. लालीने बिस्किट खाल्लं, घर हुंगलं, आणि तुम्ही उतरता त्या खोलीत जाऊन खाटेखाली मान घातली. भावोजी मे महिन्यात एक निळी बॅग विसरून गेले होते. त्या बॅगेसमोर लाली बसली आहे. माझ्या तोंडाकडे बघते आहे.

बॅग मी उघडलेली नाही. साहेबांना फोन केला, ते उद्या सकाळी पंच घेऊन येतायत. फोनवर हे तुम्हाला सांगणं मला जमायचं नाही, म्हणून हे पत्र रात्रीच्या वसईच्या बसच्या ड्रायव्हरकडे देते, सकाळी तुमच्या हातात पडेल.

ता. क. शेवटचा : भावोजींना घेऊनच या. बाबा ओटीवर येऊन बसलेत, वाटेकडे तोंड करून. कोण येणार म्हणून शेजारच्यांनी विचारलं, तर म्हणाले, जावई. ऑपरेशनला हो म्हणालेत, पण जावयाशी बोलून झाल्यावर. आणि आत्ता रात्री जेवायला माशाची आमटी केली होती, भात दोनदा मागून घेतला.